हात वर केला की थांबायचं

आमच्या दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीला दार आहे, पण ते कधी पूर्ण लागत नाही. चौकट फुगली आहे, आणि सुतार 'येतो येतो' म्हणत वर्षानुवर्षं येतोच आहे. त्यामुळे आत जे काही चालतं ते बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू येतं. करवतीची घरघर, पोरांनी पसरलेलं भोकाड, आणि त्यावर कडी करणारा मास्तरांचा आवाज, "थांबलो! हे बघ, थांबलो!"

मास्तर म्हणजे आमच्याकडे प्लास्टर घालणारे आणि काढणारे. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला शिकवलेलं नाही. पण आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा ते "जरा उजेड सोडून उभ्या राहा" असं वर्गात सांगावं तसं सांगतात, म्हणून ते मास्तर. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, नखांत कायम पांढरी भुकटी. मिशी काळीभोर. ती रंगवलेली आहे हे साऱ्या दवाखान्याला माहीत आहे, आणि ते कोणालाच माहीत नाही असं एकट्या मास्तरांना वाटतं. चहाची किटली धुवायची पाळी आली की नेमकं त्याच वेळी त्यांनी प्लास्टरची पट्टी पाण्यात भिजवायला घातलेली असते. भिजलेली पट्टी कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे किटली मी धुते.

मी त्या विभागाची सिस्टर. नंबर पुकारायचे, गर्दी आवरायची, भांडणं सोडवायची आणि एखाद्या दिवशी स्वतःच सुरू करायची, हे माझं काम. माझा स्वभाव तापट आहे. मी नाही सांगितलं तरी कोणीतरी सांगेलच. मास्तरांचं आणि माझं रोज एकदा तरी वाजतं. त्यांना प्लास्टर वाळायला पंखा हवा असतो आणि त्या पंख्याने माझ्या टेबलावरचे कागद उडतात. पण आमचं खरं भांडण पंख्यावरून नव्हतं, त्यांच्या त्या नियमावरून होतं.

प्लास्टर काढायच्या करवतीला मुलं भितात. मोठेही भितात, पण ते खोकून वेळ मारून नेतात. त्या करवतीचं पातं गोल असलं तरी गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर त्याने कापलं जातं, आणि मऊ कातडी नुसती त्याच्याबरोबर हलते. हे तोंडाने सांगून कोणाला पटत नाही, म्हणून मास्तर चालू करवत आपल्या तळहाताला लावून दाखवतात. मग मुलाच्या हातात पेन्सिल देतात आणि प्लास्टर कुठे कापायचं ती रेघ त्यालाच मारायला लावतात. आणि शेवटी नियम सांगतात. "आता नीट ऐक. तुझा मोकळा हात वर गेला की मी थांबणार. का, ते विचारणार नाही. हात खाली आला की पुढे सुरू. कबूल?"

हा नियम आला तोही चावून आला. पूर्वी आमच्याकडे दोघांनी मूल घट्ट धरायचं आणि तिसऱ्याने कापायचं अशी रीत होती. एका पोराने असं धरलेलं असताना मान वळवून मास्तरांच्या मनगटाचा असा लचका तोडला की आजही तिथे दातांची अर्धी कमान दिसते. सगळे त्या पोरावर ओरडले. मास्तर मनगटाला पट्टी बांधून घेताना म्हणाले, "त्याच्याकडे दुसरं होतं काय? हात धरलेले, पाय धरलेले. दात राहिले होते, ते वापरले." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलांना धरायचं बंद केलं.

बोलायला हे सगळं छान. पण बाहेरची रांग मी सांभाळत होते. पोरांना ही सत्ता मिळाल्यावर ती काय सोडतात! कोणी नाक खाजवायला हात वर करी, कोणी आपल्या मांजरीला पिल्लं झाली ते सांगायला. एक पठ्ठ्या नुसता हात वर-खाली, वर-खाली करत राहिला. करवत चालू, बंद, चालू, बंद. मास्तर बिनतक्रार थांबत होते आणि बाहेर लोक माझ्या डोक्यावर मिरे वाटत होते. माझं पित्त खवळलं. मी आत जाऊन म्हटलं, "अहो, निदान का ते तरी विचारा! खेळ चाललाय त्याचा."

"तपासतोय तो," मास्तर म्हणाले. "खरंच थांबतो का मी, ते बघतोय. आणि सिस्टर, का विचारलं की त्याला कारण शोधावं लागतं. मग ते मला पटावं लागतं. म्हणजे थांबायचं की नाही ते मीच ठरवणार. मग त्याच्याकडे काय उरलं?"

मी कपाळाला हात लावला. मास्तरांनी लगेच करवत बंद केली. हा त्यांचा विनोद.

मुलांच्या डोक्यात हा नियम कसा शिरतो तेही मी पाहत होते. मोठी माणसं नियम ऐकतात आणि त्यातून पळवाट शोधतात. मुलं नियम ऐकतात आणि तो उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतात. एकदा बाहेरच्या बाकावर एक आई आपल्या पाय मोडलेल्या मुलीला फैलावर घेत होती. झाडावर चढायला कोणी सांगितलं होतं, वगैरे. त्या मुलीने सरळ हात वर केला आणि अर्ध्या उघड्या दारातून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर करवत ठेवून बाहेर आले. "बाई, हात वर आहे," ते म्हणाले.

"मग?" आई म्हणाली.

"मग थांबायचं."

ती बाई थांबली, बहुतेक धक्क्यानेच. मी मास्तरांना खूप बोलले. आता बाहेरही यांचंच राज्य का, म्हणून. ते म्हणाले, "मी फक्त करवतीचं सांगितलं होतं. ते पुढे तिने नेलं. त्याला मी काय करू?"

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे एका दुसऱ्याच मुलीचं जे झालं ते याशिवाय कळणार नाही.

ती आली त्या दिवशी गर्दी फार होती. मदतनीस रजेवर, त्यामुळे हाताखाली मीच आत उभी होते. मुलगी आठेक वर्षांची, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. बरोबर वडील. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि आवाज इतका गोड की आपण यांच्याकडून काहीतरी विकत घ्यायलाच हवं असं वाटावं. आत येताना त्यांनी माझ्यासाठी खुर्ची सरकवली. दवाखान्यात मला कोणी खुर्ची सरकवत नाही. मी खूश झाले, खोटं कशाला सांगू?

मास्तर मुलीशी बोलायला लागले. "काय गं, शाळेत जातेस की शाळा तुझ्याकडे येते?"

"जाते ना, रोज जाते," वडील म्हणाले.

"कितवीत आहेस?"

"तिसरीत," वडील म्हणाले. "लाजाळू आहे जरा."

मास्तरांनी प्लास्टर हातात घेऊन फिरवून पाहिलं. महिनाभर मुलांच्या हातावर असलेलं प्लास्टर कसं होतं ते आम्हाला पाठ आहे. मित्रांची नावं, फुलं, भुतं, मास्तरांचं मिशीवालं चित्र, वरणापासून शाईपर्यंत सगळ्यांचे डाग. हिचं प्लास्टर कोरं होतं. एक रेघ नाही.

"मैत्रिणींनी काही लिहिलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"घाण केलेलं आम्हाला चालत नाही," वडील हसून म्हणाले.

मास्तरांनी तळहातावर करवत लावून दाखवली. मुलीने पापणीसुद्धा हलवली नाही. त्यांनी पेन्सिल पुढे केली तेव्हा मात्र तिने आधी वडिलांकडे पाहिलं. "काढ, सांगतायत ना," असं ते म्हणाल्यावर तिने पेन्सिल घेतली आणि कोपरापासून मनगटापर्यंत रेघ मारली. इतकी सरळ रेघ मी त्या खोलीत पाहिली नव्हती. मग मास्तरांनी नियम सांगितला. तो ऐकताना तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते 'कबूल?' म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "का ते विचारणार नाही?"

"नाही विचारणार."

"कोणीच?"

"या खोलीत कोणीच नाही."

मग ती म्हणाली, "कबूल."

करवत सुरू झाली. बरीच मुलं या वेळी डोळे मिटतात. ही करवतीकडे टक लावून बसली होती. अर्धी रेघ कापून झाल्यावर पातं तापतं, म्हणून मास्तर थांबले. आवाज बंद झाला तसं वडिलांनी बोलायला सुरुवात केली. त्यांना शांतता आवडत नसावी. "काय सांगू तुम्हाला, एक क्षण स्वस्थ बसत नाही. जिन्यावरून उड्या मारायची हौस. पडली ती थेट हातावर."

मुलीचा उजवा हात वर गेला.

"मशीन बंदच आहे गं," मास्तर म्हणाले. पण नियम म्हणजे नियम. ते हात बांधून उभे राहिले आणि त्यांनी काही विचारलं नाही.

"अगं, हात कशाला वर? खाली कर," वडील म्हणाले. हात खाली आला. मास्तरांनी एक बाजू पुरी कापली.

आता दुसरी बाजू राहिली होती. मी तिचा हात उलटा करून उशीवर ठेवला. हात बर्फासारखा गार होता. वडील माझ्याशी बोलत होते. "हिची आई नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते ना, सगळं मलाच बघावं लागतं. मागेही ही सायकलवरून पडली होती. दात हलला."

हात वर गेला.

मास्तरांनी करवतीकडे पाहिलं. पातं मनगटाला लावून बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि पेटीतून नवं पातं काढून बसवायला घेतलं. त्यांना वाटलं, मघाशी तापलेल्या पात्याचा तिला चटका बसला असेल. दुसरं कोणी असतं तर 'काय झालं गं?' म्हणून मोकळं झालं असतं. मास्तर विचारणार नव्हते. इतकी वर्षं ज्या नियमाची त्यांनी शान मिरवली तो त्या दिवशी त्यांच्याच वाटेत आडवा पडला होता. ते पाना घेऊन पातं आवळत बसले आणि ती पोर हात वर धरून त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर बाकावर कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आत झोपलेत का काय!" मलाही रांगेचीच काळजी होती.

हात खाली आला. मास्तरांनी नवं पातं प्लास्टरला टेकवलं. बटण अजून दाबलेलं नव्हतं.

"लहानपणापासून धडपडीच," वडील म्हणाले. "गालावर हे दिसतंय ना, दारावर आपटली होती..."

त्यांचं वाक्य संपायच्या आत हात वर गेला. या वेळी कोपर ताठ, बोटं ताठ.

मास्तरांनी हाताकडे पाहिलं. मग करवतीकडे. मग भिंतीतल्या बटणाकडे. मग पुन्हा हाताकडे. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला, आणि जे त्यांना कळलं ते मलाही कळलं. तीन वेळा हात वर गेला होता आणि तिन्ही वेळा करवत बंद होती. चालू होतं ते त्या माणसाचं बोलणं.

दुसरी बाजू कापायला मास्तरांना पाच मिनिटंही लागली नसती. मग प्लास्टर निघालं असतं, मी हात पुसून दिला असता, वडिलांनी आभार मानले असते आणि तिला घेऊन घरी गेले असते. आणि मी पुढचा नंबर पुकारला असता. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"चला ना मास्तर," वडील म्हणाले. "मला दुकान उघडायचंय."

"हात वर आहे साहेब."

"मुलांचं काय एवढं मनावर घेता? खाली कर गं हात."

हात वरच राहिला.

वडिलांनी आवाज चढवला नाही. त्यांनी तो खाली आणला. इतका खाली, की बाहेर बाकावर तो गेलाच नसेल. "हात. खाली. कर."

गोडवा गेला होता. कोपर वाकलं. मला वाटलं, संपलं. पण हात पडला नाही. तिने तो डोक्यावर टेकवला आणि तिथे धरून ठेवला.

मास्तरांनी करवतीची पिन भिंतीतून काढली. करवत टेबलावर ठेवली. ते मुलीसमोर खाली बसले, गुडघ्यांचा कडकड आवाज झाला, आणि मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला प्रश्न त्यांनी विचारला. 'का' नाही विचारलं. ते म्हणाले, "काय थांबवू?"

उजवा हात तिने खाली घेतला नाही; तो खाली आला असता तर नियमाप्रमाणे सगळं पुन्हा सुरू झालं असतं. तिने उशीवरचा डावा हात उचलला, एका बाजूने फाकलेल्या जड प्लास्टरसकट, आणि वडिलांकडे केला.

वडील हसले. "झालं! नाटकं सुरू. चल ऊठ, आपण दुसरीकडे जाऊन काढू." त्यांनी तिचा दंड धरला.

"अर्धं कापलेलं प्लास्टर घेऊन इथून कोणी बाहेर जात नाही," मास्तर उठत म्हणाले. "हाड हललं तर जबाबदारी माझी. तिचा हात सोडा."

हा नियम खरा होता का? होता, पण इतक्या जोरात तो पूर्वी कोणी ऐकला नसेल.

मी काय केलं ते सांगते. मी दारात जाऊन उभी राहिले. माझा आवाज करवतीपेक्षा मोठा आहे, असं लोक म्हणतात; त्या दिवशी त्याचं चीज झालं. ते न लागणारं दार आडवं धरून मी ओरडले, "मोठ्या डॉक्टरांना बोलवा! लगेच!" बाकांवरचे सगळे उभे राहिले. मघाशी झोपलेत का म्हणणारा गृहस्थच पळत गेला.

वडिलांनी दाराबाहेरची ती माणसं पाहिली आणि दंड सोडला. गोड आवाज परत आला. "सिस्टर, काहीतरी गैरसमज होतोय." मी म्हटलं, "होऊ दे." ते म्हणाले, "मी वरपर्यंत तक्रार करीन, तुमच्या दोघांच्या नोकऱ्या जातील." मला भीती वाटली. खरंच वाटली. घरी माझ्या एकटीच्या पगारावर चूल पेटते. पण मी दार सोडलं नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. दारातूनच त्यांनी वर धरलेला हात पाहिला, मास्तरांकडे पाहिलं. मास्तर एवढंच म्हणाले, "करवतीसाठी नाहीये हात." बाई वडिलांकडे वळून अगदी रोजच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही माझ्या खोलीत या. एक्स-रे दाखवायचाय."

"हिलाही घेतो."

"प्लास्टर अर्धं आहे. तिला हलवता येणार नाही. या तुम्ही."

ते जागचे हलेनात. ते कोणाकडे बघत होते? माझ्याकडे नाही, बाईंकडे नाही. मुलीकडे. डोळ्यांनीच तिला काहीतरी बजावत होते. तेव्हा मास्तर दोन पावलं सरकून मधे उभे राहिले. ठेंगणा माणूस, पण रुंद. मुलगी त्यांच्यामागे झाकून गेली. वडील मग बाईंबरोबर गेले.

खोलीत आम्ही तिघं उरलो. मास्तर पाठमोरे उभे, तोंड दाराकडे. मुलगी मला म्हणाली, "हात दुखतोय. खाली घेऊ?"

मी म्हटलं, "घे बाळा. तो खाली आला तरी कोणी काही सुरू करणार नाही."

तिने खात्री करायला मास्तरांच्या पाठीकडे पाहिलं. मास्तर न वळता म्हणाले, "नाही करणार." मग तिने हात मांडीवर घेतला. आणि हळू आवाजात, आम्हा दोघांना नव्हे तर जणू करवतीला सांगावं तसं ती म्हणाली, "मी जिन्यावर नव्हतेच."

पुढचं तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि मग मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या एक बाई आल्या त्यांना. ते तिचं तिने सांगितलेलं आहे. मी इथे मांडणार नाही. मला आठवतो तो बाहेरचा वेळ. डॉक्टरांच्या खोलीतून वडिलांचा आवाज कधी चढत होता, कधी मधाळ होत होता. रांगेतले लोक चुळबुळत होते. एक बाई म्हणाली, घरातल्या गोष्टीत दवाखान्याने कशाला पडावं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तिला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि मास्तर? मी त्यांना म्हटलं, तेवढं प्लास्टर काढून टाका, पोरीला मोकळं वाटेल. ते म्हणाले, "हिला कोण नेणार ते ठरू दे. तोवर प्लास्टर राहील. आत्ता तेवढंच धरून ठेवतंय तिला इथे."

पोलीस आले. वडिलांना घेऊन ते निघाले तेव्हा वाट आमच्या खोलीवरूनच जात होती. त्यांनी दारातून आत डोकावून गोड आवाजात म्हटलं, "बाळा, आपण घरी बोलू हं." मुलीचा हात पुन्हा वर गेला, ताठ. पोलिसाने त्यांना पुढे चालायला सांगितलं. ती पावलं जिन्यावरून उतरून गेली तरी हात वरच होता.

आईशी फोनवर बोलणं झालं, ती गावाहून निघाली होती, पण पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. तोवर मावशीकडे राहायचं ठरलं. मावशी याच गावात राहत होती, पण वडिलांनी तिला घराचा उंबरा बंद केला होता. मावशी येतेय असं कळल्यावर मास्तरांनी करवतीची पिन पुन्हा भिंतीत लावली.

"घेऊ कापायला?"

तिने मान डोलावली. दुसरी बाजू अर्धी झाली आणि हात वर गेला. करवत थांबली. आम्ही दोघंही दाराकडे पाहू लागलो. दारात कोणी नव्हतं.

या वेळी तिने आपणहून सांगितलं. "मावशीला माहितीये का?"

"काय?" मी विचारलं.

"हात वर केला की थांबायचं ते. तिला कोणी सांगितलंय का? आणि शाळेत? तुम्ही तर इथेच असता."

मास्तरांनी करवत खाली ठेवली. मला वाटलं आता ते काहीतरी मोठं, धीराचं बोलतील. ते म्हणाले, "नाही सांगितलेलं. सांगावं लागेल." आणि मला ती सगळी दुनिया दिसली, जिला कोणी काही सांगितलेलंच नाही. मला इतका राग आला की रडू फुटलं. मी पट्ट्यांच्या कपाटात तोंड घालून उभी राहिले.

प्लास्टर निघालं. आतला हात काटकुळा, कोरडा, पापुद्रे सुटलेला. मास्तरांनी तो ओल्या कापसाने पुसला. कोरं प्लास्टर दोन तुकड्यांत टेबलावर पडलं होतं. तिने तिची पेन्सिलीची रेघ शोधली. ती बरोबर मधून कापली गेली होती.

मावशी आली ती कामावरूनच, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, चपलेचा अंगठा तुटलेला. आल्या आल्या तिने मुलीला कवटाळलं. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले. "तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले. "हिने हात वर केला की थांबायचं. बोलत असलात तरी, काही करत असलात तरी. का ते विचारायचं नाही. हात खाली आला की मग."

"बरं बरं," मावशी डोळे पुसत म्हणाली. तिने ऐकलं होतं की नाही कोण जाणे. तिचं सगळं लक्ष पोरीच्या त्या वाळक्या हातावर होतं. पिशवी खांद्यावर टाकून ती तिला घेऊन निघाली आणि दारापाशीच तिचा बांध फुटला. "मला का नाही सांगितलंस गं? एक फोन का नाही केलास? कधीपासून चाललंय हे? मी काय मेले होते का? तुझ्या आईला तरी..."

मुलीने हात वर केला.

मावशी थांबली. तोंड उघडं, शब्द अर्धा, एक हात हवेत. बाकावरचे लोक बघत होते. मास्तर बघत होते. करवत बंद होती, पंखाही मीच मघाशी बंद केला होता, त्यामुळे त्या खोलीत कधी नसते इतकी शांतता होती. मुलगी मान वर करून मावशीच्या तोंडाकडे पाहत राहिली. बराच वेळ पाहत राहिली. मावशीच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण तिने ते पुसायलाही हात हलवला नाही.

मग मुलीने हात खाली घेतला आणि मावशीच्या हातात दिला. मावशी तरीही गप्पच.

"बोल आता," मुलगी म्हणाली.